न धुतलेली शाल

ती. ताईस,

तुझ्या चष्मेवाल्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं मनातल्या मनात झालं असं समज.) तुझं पत्र मिळून दीड महिना झाला. एवढ्या दिवसांत तू मला काय काय म्हणाली असशील ते इथे बसून ऐकू येतंय आणि सगळं कबूल आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढताना आधी चांगला पाय टाका, उतरताना आधी दुखरा. हे मला डॉक्टरांनी नाही, आमच्या कुत्रीने शिकवलं. चेष्टा करत नाहीये, पुढे वाच.

आमच्याकडे कुत्री आहे हे तुझ्या कानावर आलंच असेल. "मांजर दिसलं तरी शिंकायचा, आणि हा कुत्री पाळणार?" असं तू म्हणालीस, हेही मला कळलं. (कुणाकडून ते सांगत नाही, पण भाऊजी फोनवर फार बोलतात.) तर पाळलेली नाही, सांभाळायला घेतली आहे. माझ्याकडे चष्मा करायला येणाऱ्या एक बाई आहेत, त्या चांगल्या जातीच्या कुत्र्यांची पिल्लं तयार करतात. पूर्वी त्यांच्या मागच्या अंगणात चौदा पिंजरे होते. बाई म्हणतात, कुत्र्या खायच्या, प्यायच्या, व्यायच्याही, पण एकीचीही नजर कुणावर ठरायची नाही. तेव्हा त्यांनी पिंजरे भंगारात काढले आणि एकेक कुत्री एकेका कुटुंबात दिली. याला त्या पालक-घर म्हणतात. कुत्री घरातल्यासारखी राहते, तुमच्या पायाशी झोपते, तुमच्या चपला खाते. फक्त बाळंतपणाला तिने नऊ आठवडे बाईंकडे जायचं, पिल्लं सुटी झाली की परत यायचं. अशी दोन बाळंतपणं झाली की ती कायमची तुमची. म्हणजे माहेर-सासरच म्हण, फक्त दोन्हीकडे जेवण वेळेवर मिळतं. आमच्या कुत्रीला आम्ही बाईसाहेब म्हणतो आणि त्या बाईंना मालकीणबाई. दोघींचं चालणं सारखंच आहे, पण ते राहू दे.

बाईसाहेब आल्या तेव्हा आईला जाऊन आठ महिने झाले होते. हे नीट लक्षात ठेव. बाईसाहेबांनी आईला कधी पाहिलेलं नाही. फोटोतही नाही, कारण आईचा मोठा फोटो अजून दुकानातच आहे. (काच बसवायची राहिली आहे. दुकान काचांचं आहे, हो, माहीत आहे.)

पहिल्या बाळंतपणाला न्यायला गाडी यायच्या आदल्या दिवशी मालकीणबाईंनी फोन करून घरातल्या प्रत्येकाचा एकेक वापरलेला, न धुतलेला कपडा मागितला. परक्या जागी घरचा वास जवळ असला की कुत्री शांत राहते आणि सुखरूप विते, अशी त्यांची पद्धत. आता तुझी भावजय. तिने पाहुणीच्या हाती मळके कपडे कसे द्यायचे म्हणून माझा सदरा, स्वतःचा गाऊन आणि लेकीचा फ्रॉक पहाटे उठून धुतला, वाळवला, इस्त्री केली आणि घड्या घालून पिशवीत ठेवला. मालकीणबाईंनी पिशवीत नाक घातलं आणि म्हणाल्या, "यात घर कुठंय? यात साबण आहे." न धुतलेलं एखादं फडकं द्या म्हणाल्या. ताई, तुझ्या भावजयीच्या राज्यात न धुतलेलं फडकं म्हणजे उंबराचं फूल. गाडी खाली हॉर्न वाजवत होती. घरात न धुतलेली वस्तू एकच होती. ती माझ्या कपाटात, खालच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मी ठेवली होती आणि हिला हात लावू दिला नव्हता. आईची राखाडी शाल.

(होय, तीच. तू तीन पत्रांत मागितलेली आणि सापडत नाही असं मी तीन पत्रांत लिहिलेली. ओरड, पण वाचता वाचता ओरड.)

बाईसाहेब नऊ आठवडे त्या शालीवर निजल्या, तिच्यावरच विल्या, सहा पिल्लं झाली, आणि शालीसकट परत आल्या. गेल्या तेव्हा उड्या मारणारी कुत्री होती. परत आल्या त्या दाराशी थांबल्या, बाजूला झाल्या, कुणालातरी आधी आत जाऊ दिलं, मग आल्या. मला वाटलं, बाळंतपणाने पोक्त झाली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. भुतं रात्री येतात म्हणे. आपल्या आईला साडेआठला झोपायची सवय, त्यामुळे आमच्याकडे जे काही होतं ते दिवसाढवळ्या होतं. नऊ वाजता बाईसाहेब न्हाणीघराच्या बंद दाराशी जाऊन बसतात. आत कुणी नसतं. वीस मिनिटांनी उठतात, शेपूट हलवतात आणि खिडकीतल्या खुर्चीपर्यंत चालत जातात. हे चालणं तू बघायला हवं होतंस. एवढं धिप्पाड जनावर, पण दोन पावलं टाकायची, थांबायचं, मान वर करून बघायचं, पुन्हा दोन पावलं. उंबऱ्याशी जास्त वेळ थांबायचं. जिन्यावर तर विचारूच नको, उतरताना आधी कुठला पाय ते मी तिच्याकडे बघूनच शिकलो. मग खुर्चीखाली निजतात, पण मधोमध नाही, थोडं डावीकडे. पाय ठेवायला जागा सोडून.

मी चष्मेवाला माणूस. लोकांना जे दिसत नाही ते दाखवणं हा माझा धंदा. मी म्हटलं, कुत्रीची दृष्टी बिघडली असेल. जनावरांचे डॉक्टर घरी बोलावले. त्यांनी डोळे तपासले, कान तपासले, म्हणाले ठणठणीत आहे, उगाच वहीम घेऊ नका. आणि बॅग उचलून जाताना आपल्या घरातल्या त्या अरुंद बोळात एकदम भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभे राहिले, अन् मग पुढे गेले. मी विचारलं, कुणाला वाट दिलीत? ते म्हणाले, कुणाला? कुणालाच नाही. पण जिना फार भराभर उतरले.

तरीही मी म्हणत होतो की शालीचा वास आहे, कुत्र्याचं नाक आहे, झालं. मग फेऱ्यांची गोष्ट घडली. तुला आठवत असेल, डॉक्टरांनी आईला चार वाजता बोळात अकरा फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. आई मोठ्याने मोजायची, आणि पाचनंतर एकदम आठ म्हणायची. म्हणजे नऊच फेऱ्या व्हायच्या. ही लबाडी जगात दोघांनाच माहीत होती, तिला आणि मला. मी दुकानातून चहाला घरी आलेलो असायचो आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. तुझ्या भावजयीला मी कधी सांगितलं नाही. बाईसाहेब रोज चार वाजता बोळात फेऱ्या मारतात. मी मोजल्या. पाच झाल्यावर थांबतात, माझ्याकडे बघतात, मग पुढच्या चार. नऊ. त्या दिवशी माझ्या हातातला चहा बशीत सांडला आणि मी तो बशीतूनच प्यायलो. भीती वाटली का म्हणशील, तर वाटली. आनंदही झाला. दोन्ही एकदम झालं की माणूस फार मूर्ख दिसतो, असं आमची लेक म्हणाली.

(लेकीला आम्ही वकील म्हणतो, चौदाव्या वर्षीच सगळ्याला पुरावा मागते म्हणून. तिने शाल उचलून गच्चीतल्या खुर्चीवर नेऊन ठेवली. बाईसाहेब मागोमाग आल्या, दोन पावलं, थांबायचं, दोन पावलं. पुरावा मिळाल्यावर ती तिच्या खोलीत जाऊन बसली आणि दार उघडंच ठेवलं.)

घरात आता सगळं आईच्या वेळचं झालंय. तुझी भावजय पुन्हा हळू आवाजात बोलते. मी खिडकीतल्या खुर्चीत बसलो की बाईसाहेब माझी बाही दातांत धरून, अगदी अदबीने, मला उठवतात. आणि आईच्या शेवटच्या वर्षी आपला नियम होता ना, तिला घरात एकटीला ठेवायचं नाही? तो बाईसाहेबांनी आपण होऊन चालू केलाय. तिघंही बाहेर निघालो तर त्या येत नाहीत, दारात आडव्या पडून राहतात. एक जण घरी थांबला तरच फिरायला निघतात.

आता अडचण ऐक. दुसरं बाळंतपण आलं आहे. गेल्या सोमवारी गाडी आली. बाईसाहेब गाडीपर्यंत गेल्या, मागे वळून वर खिडकीकडे पाहिलं, आणि पोट सांभाळत जिना चढून खुर्चीखाली येऊन निजल्या. तीनदा नेलं, तीनदा तेच. बळजबरी करायची नाही हा मालकीणबाईंचा नियम. पण दिवस भरत आले आहेत. बाळंतपण आमच्याकडे झालं आणि काही कमीजास्त झालं, तर ते कोण निस्तरणार? त्यांनी बजावलंय, येत्या सोमवारी ती आपल्या पायांनी आली तर ठीक, नाहीतर भुलीचं औषध देऊन न्यावी लागेल आणि मग हे घर तिला मानवलं नाही असं धरून ती दुसऱ्या कुटुंबाकडे जाईल. ताई, लेक तेव्हापासून नीट जेवलेली नाही. तुझी भावजय धुतलेलंच पुन्हा धुते आहे. आणि मी, शिंकणारा, रोज दुकान अर्धा तास आधी बंद करून घरी येतोय.

मालकीणबाई खुर्चीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हिच्यावर कुणाची तरी जबाबदारी आहे. ती टाकून ही यायची नाही. तुमच्या आजीबाईंची नऊ आठवडे दुसरीकडे सोय करा." मी म्हटलं, अहो, आईला जाऊन दोन वर्षं झाली. त्या म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? हिला कुणी सांगितलंय का?"

असो. सहज आठवलं म्हणून लिहिलं. बाकी इकडे सगळं क्षेम आहे. भाऊजींच्या चष्म्याचा नंबर कळव, नवी काच पाठवतो.

तुझा,
धाकटा

ता.क. मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. ताई, तू आईला नऊ आठवडे तुझ्याकडे ठेवून घेशील का? शाल पाठवतो. काही करायचं नाही. उजेड येणाऱ्या खिडकीशी एक खुर्ची ठेव, हात असलेली. न्हाणीघराच्या पायरीजवळ पाणी सांडलं असेल तर पूस. तीन वाजता चहा, आणि नको म्हणाली तरी वर अर्धा कप. फेऱ्या नऊच झाल्या तरी बोलू नकोस.

ता.क. २. तू हसशील, किंवा हसणार नाहीस. तेव्हाही तू तीनदा लिहिलं होतंस, आईला दोन महिने माझ्याकडे पाठव म्हणून. मी लिहिलं, गुडघे. मग लिहिलं, प्रवास. मग लिहिलं, थंडी. गुडघे एवढे वाईट नव्हते ताई. तिने पिशवी भरून पलंगाखाली ठेवली होती, चार महिने होती तिथे. ती गेल्यावर मीच रिकामी केली. दोन कपड्यांचे जोड, चष्म्याचं घर आणि तुझ्याकडच्या जिन्यासाठी बॅटरी. ती तिकडे रमेल आणि परत यायचं नाव काढणार नाही, अशी मला भीती वाटत होती. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ज्याला नऊ आठवडे सोडवत नाही त्याने जनावर घेऊच नये. मी लगेच सही केली. जनावर सोडायला मी एका पायावर तयार होतो. मला माफ कर.

ता.क. ३. पत्र टाकायचं राहून गेलं आणि आज सोमवार उजाडला, त्यामुळे तुझ्या होकाराची वाट न बघता शाल पाठवली आहे. (तुला विचारून मग करायचं, हे मला या जन्मी जमणार नाही.) सकाळी कुरिअरचा माणूस आला. एरवी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरणारा. आज पार्सल दोन्ही हातांत धरून एकेक पायरी उतरला, आधी दुखरा पाय टाकावा तसा, आणि प्रत्येक वळणावर थांबला. का थांबला ते त्यालाही माहीत नसावं. बाईसाहेब फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेल्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी त्यांनी अंग झाडलं, आणि अकरा वाजता मालकीणबाई आल्या तेव्हा आपल्या आपण गाडीत चढून बसल्या. उडी मारून. सोबत आमचे तिघांचे कपडे दिले आहेत, तुझ्या भावजयीने चार दिवस न धुता ठेवलेले. हा त्याग कुठेतरी लिहून ठेवायला हवा.

मी आता खिडकीतल्या खुर्चीत बसून हे लिहितो आहे. बाही धरून उठवायला कुणी नाही. चार वाजून गेले, बोळात कुणी नाही. एवढं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं गं. नऊ आठवडे झाले की शाल परत पाठव. नाहीतर राहू दे. तिला विचार, तिचं मन असेल तसं कर. पार्सलात तळाशी बॅटरी आहे, सेल नवे घातलेत. शाल धुवू नकोस.

पोचली की कळव.