खुर्चीच्या मुठी

प्रिय धाकटे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बैस, पाणी पी, मग वाच. वाचून झालं की हवं तेवढं रागाव, मी ते गृहीतच धरलंय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? 'ताई, तू मध्ये पडू नकोस' हे वाक्य तुझ्या तोंडात तयारच असतं. म्हणून लिहितेय. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

पहिली बातमी. तुझ्या घराचा उंबरठा मी काढून टाकला. कामाच्या बदलीवर जाताना तू मला किल्ल्या दिल्यास, खारूची औषधं दाखवलीस, गॅस नीट बंद करायला सांगितलंस, जसं काही मी आयुष्यभर चूल फुंकत होते. आणि दारात उभं राहून दोन गोष्टी बजावल्यास. घरात तोडफोड नको आणि खारूला, पोटच्या पोरीला, बाहेर काढायचं नाही. मी हो म्हणाले नव्हते, आठवून बघ. मी नुसती मान हलवली होती. मान मी शिवणयंत्रावर बसल्यावरही हलवते, त्याला होकार म्हणत नाहीत.

माझं शिवणयंत्र आणि तुझे भावोजी अशी दोन जुनी यंत्रं घेऊन मी तुझ्याकडे राहायला आले तेव्हा मलाही वाटलं होतं की तुझ्या मनाप्रमाणे चालावं. आठवडाभर चाललेसुद्धा. सकाळी खारूला उठवायचं, चाकांच्या खुर्चीत बसवायचं, खुर्ची ढकलत खिडकीपाशी न्यायची, पाठीला उशी द्यायची. शिकवायच्या बाई येऊन जायच्या. मग दिवसभर पोरगी खिडकीत. रस्त्यावरून कोण गेलं, कोणाच्या सायकलची साखळी पडली, समोरच्या दुकानदाराने कोणाला उधार दिलं नाही, सगळी बित्तंबातमी तिच्याकडे. एकदा मी कौतुकाने म्हटलं की तुला सगळे ओळखू येतात गं. तर म्हणते, हो, पण मला कोणी ओळखत नाही. सहज म्हणाली, तक्रार नव्हती. तरी मला दुपारचं जेवण गेलं नाही.

तर भावोजींनी गवंड्याला बोलावलं. उंबरठा गेला. बाहेरच्या दोन पायऱ्यांवर उतार करायचा ठरला. बस चालवून चालवून जन्म गेलेला माणूस, त्याला उताराचं काय सांगायचं. गवंडी म्हणाला आखूड करू, जागा वाचेल. हे म्हणाले, जागा वाचेल पण पोर थेट समोरच्या दुकानात जाऊन थांबेल. मग लांबलचक, पायाखाली कळणारसुद्धा नाही असा उतार झाला आणि इमारतीच्या सेक्रेटरीच्या डोळ्यांत खुपला. शोभा जाते म्हणे. कसली शोभा? त्या कोपऱ्यात मोडका पलंग आणि रंगाचे रिकामे डबे होते, ती शोभा तेवढी गेली खरी. त्याने सभा बोलावली. मी गेले, गळ्यात टेप तसाच. अर्ध्या इमारतीचे पडदे आणि पोरांचे गणवेश माझ्याकडे शिवायला पडलेले. मी एवढंच म्हटलं की उतार राहणार आहे, ज्याला काढायचा असेल त्याने स्वतः फावडं घेऊन यावं, मी दारातच बसलेली असते. कोणी आलं नाही. उतार हवा त्यांनी हात वर करा म्हटल्यावर मात्र बरेच वर झाले. पडद्यांसाठी झाले की पोरीसाठी, ते मी विचारायला गेले नाही.

आता दाराचं ऐक, कारण तिथे आम्ही सगळे तोंडावर आपटलो. न्हाणीघराचं दार अरुंद, तुला ठाऊकच आहे, खारूला उचलून न्यावं लागायचं आणि ती आता उचलायच्या वयाची राहिली नाही. मी टेप घेऊन खुर्ची मोजली. ह्या चाकापासून त्या चाकापर्यंत, वर बोटभर जास्त. गवंड्याने भिंत फोडली, नवी चौकट बसवली, गिलावा केला. खुर्ची ढकलून आत नेली तर काय सुंदर गेली, कुठे घासणं नाही की अडकणं नाही. भावोजींनी टाळी वाजवली. तेव्हा खारू म्हणाली, सोडा, मी जाते. आणि दोन्ही हातांनी चाकं फिरवत गेली. दोन्ही हातांची बोटं चौकटीला खरवडून निघाली, सालटं गेली.

कळलं तुला? आम्ही खुर्ची मोजली होती. चाकावर हात असतात, हाताला बोटं असतात, बोटांना बाहेरून जागा लागते, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अगं, जन्मभर कापडाला शिवणीपुरती जास्तीची माया सोडणारी मी! कोणाच्या बाहीत हात अडकला असं एक गिऱ्हाईक दाखव. पण आम्हाला पोर ढकलायचीच सवय. ती आपली आपण जाईल हे आमच्या मोजमापातच नव्हतं. गवंड्याने कपाळावर हात मारला. खारू मात्र बोटं तोंडात घालून आमच्याकडे बघून अशी काही हसली की मला रडावं की हसावं कळेना. चौकट पुन्हा फोडली. ह्या वेळी ती खुर्चीत बसली, हात चाकांवर, कोपरं हवी तशी पसरलेली, आणि मी तिच्यासकट माप घेतलं. तू फोन केलास की आम्ही तिला मुद्दाम खिडकीत बसवायचो, मागचा राडा दिसू नये म्हणून. ही युक्ती तिचीच. तुझी लेक भलतीच आतल्या गाठीची आहे.

दुसरी बातमी. दर रविवारी आम्ही बाहेर जातो. हो, पोरीला घेऊन, गर्दीत. पहिल्या रविवारी मोठ्या बागेत गेलो. फाटकावर हा एवढा फलक, सहकुटुंब या, आणि खाली फिरतं दार, ज्यातून एकटा सडपातळ माणूस जेमतेम जाईल. पहारेकरी म्हणाला मागून घ्या. मागे म्हणजे जिथून कचऱ्याची गाडी जाते तिथून. मी म्हटलं, आमचं कुटुंब पुढून येणार. शेजारचं मोठं फाटक होतं की, कुलूप घातलेलं, साहेब लोक आले की उघडायचं. किल्ली साहेबांकडे असते म्हणाला. मग आम्ही तिथेच चटई अंथरली, फिरत्या दाराच्या तोंडाशी, आणि डबा उघडला. हे तर निवांत आडवे झाले. लोकांना आत जाता येईना. थोड्या वेळात किल्ली त्याच्याच खिशात निघाली. तेव्हापासून आम्ही दिसलो की तो लांबूनच कुलूप काढायला लागतो.

मत्स्यालयात गेलो तेव्हा तर आमची चैन. काचेच्या पेट्या सगळ्या बुटक्या, मोठी माणसं कंबरेतून वाकतायत, पोरं उकिडवी बसतायत, आणि आमची राणीसाहेब खुर्चीत ताठ, मासे बरोबर डोळ्यांसमोर. एक कासव तिच्या तोंडापाशी येऊन थांबलं ते हलेचना. शेजारी बरीच पोरं जमली, तिला विचारायला लागली की तू काय केलंस. तिने खुशाल सांगितलं की माझी ओळख आहे.

तळ्यावर मात्र खटका उडाला. नावाड्याने बघितलं, खुर्ची बघितली, आणि चांगल्या मनाने पुढे होऊन तिला काखेत हात घालून उचलायला गेला. सामान उचलतात तसं. खारूने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "आधी मला विचारा." एवढंच, आवाज न चढवता. तो बिचारा गडबडला, कान पकडून म्हणाला, चुकलं, उचलू का? ती म्हणाली, हो, उचला. बस. मग दोघांची अशी गट्टी जमली की सगळ्या तळ्याचा फेरा त्याने तिला वल्हं धरायला देऊन मारला. मी काठावर उभी होते. कितीदा उचललं असेल गं मी तिला, कधी विचारलं? कोणीच कधी विचारलं नव्हतं, तरी ती हे वाक्य घेऊन तयार बसली होती.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तू म्हणशील, 'ताई, तुला काय जातं बोलायला. तापात तिचे पाय गेले तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मी होते. तिचे बाबा मला झेपत नाही म्हणून निघून गेले, त्यानंतर दोघांच्या वाटचं मी झेपवलं.' खरं आहे, एक अक्षर खोटं नाही, आणि त्या माणसाचं नाव निघालं की मी आजही तोंड सोडते. आणि त्या दिवसाचंही मला ठाऊक आहे, बागेत कोणा बाईने खारूच्या मांडीवर नाणं टाकलं, भीक टाकतात तसं. तू ते भिरकावलंस, पोरीला घेऊन घरी आलीस आणि दार लावलंस ते लावलंस. मी तुझ्या जागी असते तर त्या बाईच्या मागे धावले असते. पण धाकटे, दार त्या बाईवर लागलं नाही. ती मजेत बागेत फिरत असेल अजून. आत अडकली ती आपली खारू.

आणखी एक कर. घरी आलीस की खुर्चीकडे नीट बघ. मागे ढकलायच्या दोन मुठी होत्या, त्या नाहीत. भावोजींनी पाना घेऊन काढल्या, खारूच्या सांगण्यावरून. बाहेर गेलं की कोणीही येतं, न विचारता मागून धरतं आणि तिला हवं तिकडे नेतं, पुण्य लागल्यासारखं. एकदा तर ती फुगे बघत होती आणि एका काकांनी तिला ढकलत सावलीत नेऊन ठेवलं. आता मागे धरायला काही नाही. तिच्याशी बोलायचं तर पुढे यावं लागतं. दमली की ती थांबते, आम्हीही थांबतो. हाताला फोड यायचे म्हणून मी तिला चामड्याचे हातमोजे शिवले, लाल. फार मिरवते.

आता हे सगळं तुला आत्ताच का लिहिलं ते सांगते. तू येत्या रविवारी परत येतेयस असा निरोप आला तेव्हा मी त्याच मोज्यांची शिवण उसवून सैल करत होते. मला वाटलं पोरगी टाळ्या वाजवेल. तिने खिडकीकडे बघितलं. मग विचारलं, "मावशी, आई आली की मी परत खिडकीत का?" मी म्हटलं, का गं, असं का वाटतं तुला? तर म्हणाली, मी बाहेर गेले की आई रडते. तिला ते नाणं आठवतसुद्धा नाही, धाकटे. तिला आठवतं ते तू घरी येईपर्यंत रस्ताभर रडलीस ते. इतकी वर्षं ती तिथे बसली, ती तुला रडू येऊ नये म्हणून. मी तिला उत्तर दिलं नाही, ते माझं नाहीच. ते तू द्यायचंस. रविवारी स्टेशनवर आम्ही कोणी येणार नाही, ती येईल, लाल मोजे घालून. भावोजी रस्त्याच्या पलीकडून लक्ष ठेवतील, ते तिला माहीत आहे. रडू आलं तर रड, पण तिच्याबरोबर घरापर्यंत चालत ये, आणि शेजारून चाल. उंबरठा मी परत बसवू देणार नाही, त्यासाठी तुझ्याशीही भांडेन. मुठी तेवढ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात, फडक्यात गुंडाळून ठेवल्यात. लावायच्या असतील तर लाव. आधी तिला विचार.

तुझीच,
मध्ये पडणारी ताई