पिवळ्या वाटेचे जुने पट्टे

३ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून खोलीत एकटीच हसत सुटले. तुला नवा मार्ग मिळाला काय, आणि त्या बसचा शेवटचा थांबा नेमका आमच्या जंगलाचं फाटक निघाला काय! लहानपणी तुला चौक ओलांडताना मी बखोट धरायचे, आता तू चाळीस माणसं घेऊन चढण चढणार. ब्रेक आधी दाबायचा आणि शिव्या नंतर द्यायच्या, एवढं लक्षात ठेव.

माझं काम विचारलं होतंस. भटकायला येणारी माणसं चुकू नयेत म्हणून दर पन्नास पावलांवर झाडाच्या खोडावर त्या त्या वाटेच्या रंगाचा पट्टा रंगवायचा. एक पट्टा म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळायचं. सध्या दर मंगळवारी पिवळ्या वाटेवर असते. मागच्या पावसात दरड कोसळून तिचा मधला तुकडाच खाली दरीत गेला, म्हणून वरच्या अंगाने नवी वाट काढली आहे. आधी नवे पट्टे पुरे करायचे, मगच जुने करड्या रंगाने बुजवायचे, अशी इथली रीत आहे. तोवर वाटेच्या तोंडाशी दोरी बांधून 'बंद' अशी पाटी लावली आहे.

डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. नवऱ्याने दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं तीच. कुंचला उजव्या हातात धरते, त्यामुळे अडत नाही.

मी कुठे आहे ते कुणाला सांगू नकोस. आईलाही नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. आणि पाकिटावर 'सौ.' लिहायचं आता बंद कर.

आठवण काढत जा.
तुझी ताई


१९ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

'सौ.' मुद्दाम लिहिलं आहे. रागावण्याआधी पुढचं वाच.

भावोजी तीन दिवस माझ्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसून होते. पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांचं कार्ड दाखवलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या प्रवाशांदेखत ढसाढसा रडले गं. तिची एकदा माफी मागू दे, मग तोंड दाखवणार नाही, म्हणाले. आईनेही रोज माझं डोकं खाल्लं होतं. मी विरघळलो. मंगळवारी ताई पिवळ्या वाटेवर असते, असं सांगून बसलो.

ते येत्या मंगळवारी माझ्याच एकच्या बसने येतील. हे पत्र त्याआधी पोचेल, म्हणजे तुझ्या मनाची तयारी होईल. मी पाचला परत फाटकापाशी येईन. दोघं एकदम बसमध्ये चढलात, तर त्या दिवशी सगळ्या बसला माझ्याकडून चहा.

लहान समजून पोटात घाल, माया कमी करू नकोस.
तुझा ढब्बू


२८ मार्च, इस्पितळातून

चि. ढब्बूस,
आ.

तुझं पत्र गुरुवारी आलं. तो मंगळवारीच येऊन गेला होता.

मी वाटेच्या तोंडाशी खाली वाकून रंगाचा डबा ढवळत होते. त्याने मागून केस धरले आणि माझं तोंड झाडावर आपटलं, तीनदा. पुढचे दोन दात तिथेच पडले. मी खाली पडल्यावर पोटात लाथा घालत राहिला आणि दर लाथेला सांगत होता, तुझ्या ढब्बूनेच पत्ता दिला, तुझ्या ढब्बूनेच. माफीचा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही. साल खरवडायची लोखंडी पट्टी हाताला लागली, ती मी त्याच्या गालावर ओढली. गाल कानापर्यंत फाटला. त्याने हात चेहऱ्याकडे नेले तेवढ्यात मी दोरीखालून पळाले.

वळणापाशी झुडपांच्या जाळीत शिरून पालथी पडले. तो रक्त पुसत आला. तिथे नवे दोन पट्टे वर वळायला सांगतात आणि जुना एक पट्टा सरळ. अजून बुजवला नव्हता. तो सरळ गेला. पुढे वाट नाही हे मला माहीत होतं. एक हाक मारली असती तर तो थांबला असता. मी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला.

तो खाली पडला तो आवाज ऐकला. मग तो ओरडत होता. आधी शिव्या, मग त्याच्या आईच्या नावाने, मग पाणी मागत होता. मी तीन तास ऐकत बसले. चालवत नव्हतं म्हणून नाही, ढब्बू. मला ऐकायचं होतं. पाचला तुझी बस आली, तू दोनदा हॉर्न वाजवलास, तोही ऐकला. त्यानंतर मी उठून आमच्या वनचौकीवर गेले.

तो जगला आहे. कंबरेखाली काही जाणीव उरली नाही, म्हणतात. मी इन्स्पेक्टरला सगळं सांगितलं आहे, हाक मारली नाही तेसुद्धा.

तुझी ताई


४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

तो हॉर्न मी लाडाने वाजवला होता. तुम्ही दोघं मागे रेंगाळला आहात असं वाटलं होतं. परत जाताना मी गुणगुणत बस चालवली.

काल त्याला इस्पितळात बघायला गेलो. सोबत गाडीतली चाक खोलायची लोखंडी टॉमी घेतली होती, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, झालं गेलं विसरतो, ताईला घरी पाठव, आता माझं कोण करणार. टॉमी हातातून कधी खाली टाकली कळलं नाही. मी छातीवर बसून बुक्क्यांनी त्याचं तोंड फोडलं, घातलेले टाके उसवले. तो हातही उचलत नव्हता, तरी मारत राहिलो. दोन वॉर्डबॉयनी मला ओढून काढलं. नोकरीवरून काढलं आहे, खटलाही होईल. त्याचं मला काही नाही.

ताई, मला एकदा येऊ दे. तुझ्या पायांवर डोकं ठेवायचं आहे. कुठल्या दिवशी, कुठल्या वाटेवर भेटशील तेवढं लिही.

तुझा ढब्बू


१५ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक आ.

माझ्यासाठी मारलंस असं कुणाला सांगू नकोस. अंथरुणावरच्या माणसाला तू मारलंस ते तुझ्या स्वतःसाठी. मी तीन तास ऐकत बसले तेही माझ्यासाठीच. दोघांनाही कोर्टात उभं राहायचं आहे, तेव्हा नीट जेवत जा आणि वकिलाला खरं सांग. आईच्या गुडघ्यांचं औषध संपत आलं असेल, ते आण.

मी सोमवारपासून कामावर आहे. दात नाहीत म्हणून 'स' म्हणताना शिट्टी वाजते, चौकीवरचे सगळे हसतात, मीही हसते.

तू एक दिवस आणि एक वाट विचारली आहेस. तुला मी मांडीवर थोपटलं आहे, तुझ्यावर माझा जीव आहे, तो काही गेलेला नाही. पण मी कुठे असेन ते यापुढे तुला लिहिणार नाही. दिवस नाही, वाटही नाही.

पत्रं चौकीच्या पत्त्यावर पाठवत जा. प्रत्येकाला उत्तर देईन.
तुझी ताई