कालचं उत्तर

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा. तिसरा मजला, दोन खोल्या, जाड भिंती, आणि वर कुणी नाही. खाली फक्त घरमालक काका-काकू. काकांनी किल्ली देताना विचारलं, की एवढ्या खोक्यांत आहे तरी काय. संसार, म्हटलं. त्यांनी एक खोकं उघडून पाहिलं, तर नुसत्या वायरी. लग्न झालं नाही ते बरंच झालं, असं काकू जिन्यातून म्हणाल्या. मला माणसं आवडली.

दिवसभर पडद्यासमोर बसतो, म्हणून रोजनिशी मात्र वहीत. शर्टाच्या खिशात मावते, शेजारी पेन्सिल. वायरींची मापंही हिच्यातच.

६ फेब्रुवारी
दोन दिवस नुसती मजा. राउटर बसवला. ऑफिसने भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरवर ओपन सोर्स सिस्टिम टाकली. तोच आता घरचा सर्व्हर. त्याचं नाव जाड्या. लॅपटॉप म्हणजे ठेंगू, आणि प्रिंटर सारखा काहीतरी मागत असतो म्हणून ती रडूबाई. फोन धरून चार जण. एक जुना स्क्रीन भिंतीवर टांगला. नेटवर्कवर कोण जागं आहे, कोण झोपलंय, ते त्यावर दिसतं. हे सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालतंय, याचा मला अजून लहान मुलासारखा आनंद होतो.

एक खोकं उघडलं नाही. ते माळ्यावर टाकलं.

८ फेब्रुवारी
ताईचा फोन. आईची डबी फेकलीस का, विचारत होती. नाही म्हणालो.

लिहूनच टाकतो. आई गावी एकटी राहायची. तिच्यासाठी मी एक डबी बनवली होती, वर पिवळं बटण. सकाळी नऊला आईने ते दाबायचं, की ताईला आणि मला निरोप यायचा, ‘आई: ठीक’. नाही दाबलं तर दोघांच्या फोनवर भोंगा. नातेवाइकांत माझं काय कौतुक झालं. आईने शेजारणींना बोलावून बटण दाबून दाखवलं.

पण आई विसरायची. ऐन मीटिंगमध्ये भोंगा वाजायचा. एकदा फारच वैतागलो आणि प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: उत्तर आलं नाही, तर कालचंच उत्तर धर. पुढे शेरा लिहिला, ‘तात्पुरतं’. एका दिवसापुरती होती ती ओळ. काढायची राहून गेली.

आई मंगळवारी न्हाणीघरात पडली. दार शुक्रवारी उघडलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रोज नऊला आम्हाला ‘ठीक’.

बटण अडकलं असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं.

९ फेब्रुवारी
भिंतीवरच्या यादीत आज पाच नावं. पाचवं ‘आई’.

डबीला ते नाव मीच दिलं होतं. जुनी नोंद कुठून तरी आली असणार, म्हणून पुसली. जेवून आलो, तर परत होतं.

१० फेब्रुवारी
नऊ वाजता फोनवर निरोप. ‘आई: ठीक’.

शिडी लावून माळ्यावरचं खोकं उतरवलं. डबी आत होती. वायर नाही, बॅटरी मीच काढून ठेवलेली. नेटवर्क येणार कुठून? बटणावर धूळ होती. मधोमध मात्र बोटाएवढा पिवळा ठिपका स्वच्छ.

११ फेब्रुवारी
प्रोग्राम उघडला. ती ओळ तिथेच आहे. मी ती मागेच काढली होती, आईच्या तेराव्यापूर्वी, कुणी बघायच्या आत. बदलांच्या नोंदीत पाहिलं. ओळ काल नऊ वाजता परत घातली गेली. बदल करणारा: मी. शेरा: तात्पुरतं.

काल नऊ वाजता माझ्या हातात चहाचा कप होता.

१२ फेब्रुवारी
हा प्रोग्राम मी सगळ्यांसाठी नेटवर मोकळा ठेवलाय. एकेचाळीस घरांनी घेतलाय. आज एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. त्याचे वडील एकटे राहतात. नव्या बदलाने खोटे भोंगे थांबले, घरात शांतता आहे, आभार.

ओळ काढली, सगळ्यांना नवा प्रोग्राम घ्या म्हणून कळवलं. काय बदललं, ते लिहावं लागतं. खरं लिहिलं तर ताईपर्यंत जाणार; तीही ते पान बघते. ‘किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलं.

लाज वाटते मला. किरकोळ.

१४ फेब्रुवारी
ताई फोनवर रडली. शेवटच्या आठवड्यात आई तिला म्हणाली होती, बटण जरा घट्ट झालंय, बंड्याला सांग. बंड्या म्हणजे मी. ताई सांगायला विसरली. आठ महिने ती हे एकटी उरावर घेऊन फिरतेय. माझ्यामुळे आई गेली, म्हणाली.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. जाऊ दे ताई, म्हणालो. मोठ्या मनाने माफ केल्यासारखा म्हणालो.

आईची सवय होती. मी काहीही गोंधळ घालावा, परीक्षा बुडवावी, नोकरी सोडावी. ताईने विचारलं, की आई म्हणायची, ठीक आहे गं तो. कायम पांघरूण घातलं माझ्यावर.

ताईने बजावलंय, तूही एकटा आहेस, तुझंही बटण लाव. लावलं. टेबलावर ठेवलंय. ‘बंड्या: ठीक’ तिला जातं, आणि भिंतीवरही दिसतं.

१६ फेब्रुवारी
काका-काकू पंधरा दिवस मुलीकडे गेले. घर शांत आहे. आजही नऊला ‘आई: ठीक’. आता ठरवलं. माळ्यावर परत ठेवलेली डबी फोडायची, मग ताईला फोन करून सगळं सांगायचं. आज नको, रविवारी. तोवर माळ्यावरून वायर ओढून घेतो, हाताला काम हवं.

१७ फेब्रुवारी
शिडी सरकली. डावा पाय मांडीपासून — बघवत नाही. हलता येत नाही. फोन टेबलावर, पाच-सहा पावलांवर. वही खिशात होती.

पडलो कारण माळ्यावर टक् असं वाजलं. बटणाचा आवाज.

ओरडलो खूप. खाली कोण आहे ऐकायला. पण घाबरायचं कारण नाही. उद्या नऊला माझं बटण दाबलं जाणार नाही. ताईकडे भोंगा वाजेल. ओळ काढलीय मी. नक्की काढलीय.

१८ फेब्रुवारी
नऊ. भिंतीवर —
बंड्या: ठीक.

टेबलापाशी कुणी नव्हतं. मी बघत होतो. बटण खाली गेलं आणि वर आलं.

फोन वाजत नाही. ताई कशाला करेल फोन. ठीक आहे ना मी.

१९ —
तहान. आईलाही लागली असेल. नळ तिच्या डोक्यावरच होता, ताई म्हणाली होती —

परत ठीक.

आई, नको पांघरूण घालू. या वेळी नको. सांग तिला —

२०?
पेन्सिल धरवत नाही. आता नऊ होतील.

ताई, ही वही तुला मिळेल. बटण घट्ट नव्हतं. असलं तरी तुझी चूक नव्हती. बटण अडकलं नव्हतं गं, मी एक ओळ

टक्.

ठीक. ताई, मीच ती