विश्वजीतच्या नावातला ह

विश्रांतवाडी, पुणे
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय हेमाताईस,
प्रभूच्या नावाने तुझ्या धाकट्या बहिणीचा सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची शुगर? आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे शरीराने. थंडी ओसरली. सोसायटीचं पाणी पुन्हा टँकरवर आलंय, आणि समोरच्या काकूंनी नाताळात नेलेला माझा मोठा कुकर अजून परत केलेला नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून पत्र. कुरिअरने पाठवतेय, गुरुवारपर्यंत नगरला मिळेल. भावोजींना वाचायला देण्याआधी तू एकटीने वाच.

आधी त्या ‘ह’चं. परवा आमच्या ह्यांनी तुझ्या दिरांना फोन करून सांगितलं की तुमच्या विश्वजीतच्या नावात एक ह घाला, लग्नपत्रिकेवर ‘विश्वजीताह’ असं छापू. तुम्ही सगळे हसलात की चिडलात, मला कळलं नाही. लग्न तोंडावर आलेलं असताना जावयाचं बारसं करायला निघालेला सासरा मीही पहिल्यांदाच पाहतेय.

तुला माहीत आहे, टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून ह्यांना करमत नव्हतं. जूनपासून आमच्या हॉलमध्ये दर गुरुवारी हिब्रूचा वर्ग भरतो. जयसिंग सर म्हणून आहेत, सेमिनरीत शिकलेले, चाळिशीचे. जुन्या करारातला एकेक शब्द घेतात आणि त्याचं मूळ सांगतात. शालोम म्हणजे नुसती शांती नव्हे, कशाचीही उणीव नसणं. हे ऐकायला मलाही आवडायचं, भाजी निवडता निवडता मी किचनमधून ऐकायचे. पण हिब्रूत आकडे वेगळे नाहीत, प्रत्येक अक्षर हाच एक आकडा, हे कळल्यापासून आमचे हे बिघडले. सात म्हणजे पूर्णता. बारा म्हणजे देवाची प्रजा. चाळीस म्हणजे परीक्षा, म्हणून नंबरात चाळीस असलेली रिक्षासुद्धा सोडून देतात आणि उन्हात उभे राहतात.

सर फी घेत नाहीत. पुण्यात जो माणूस फी घेत नाही त्याच्यावर लक्ष ठेवावं, हे मला कुणी शिकवायला नको. तरी निदान चहा प्यायचे, दोन कप, आणि डब्यातल्या शंकरपाळ्या निम्म्या करायचे. जानेवारीच्या मध्यापासून अचानक चहा बंद. “नको काकू, आत्ताच झाला.” दर वेळी आत्ताच कसा होईल? तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

कारण त्याच गुरुवारी त्यांनी दोघांच्या नावांची बेरीज सांगितली होती. साखरपुडा झाल्यावर ह्यांनीच सरांना हौसेने सांगितलं होतं, आमची अपेक्षा आणि जावई विश्वजीत, ही नावं हिब्रूत लिहून बघा. सर खाली बघत म्हणाले, “दोनशे सेहेचाळीस. ‘अरण्य’ या शब्दाचीही एवढीच.” ह्यांचा चेहरा पांढरा पडला. इस्राएल लोक अरण्यात चाळीस वर्षं भटकले, हे तुला सांगायला नको.

ताई, आपल्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरातल्या सगळ्या जन्मपत्रिका विहिरीत टाकल्या, असं बाबा छाती फुगवून सांगायचे. त्याच आता हिब्रू शिकून वर आल्या.

खरं सांगते, पहिला संशय मला तुमचाच आला. स्थळ तू आणलंस, मुलगा तुझ्या दिराचा, आणि सरांची आत्याही नगरचीच निघाली. म्हटलं, तुमच्यापैकी कुणाला हे लग्न नकोसं झालंय आणि आमच्यावर खापर फोडायला हा माणूस पेरलाय. मी तुझ्याशी तीन आठवडे तुटक बोलले ते त्यामुळे. तू आपलं समजलीस की मला सर्दी झालीय.

दुसरा संशय त्याहून वाईट होता. एका गुरुवारी वर्ग संपल्यावर कचरा टाकायला खाली गेले, तर पार्किंगमध्ये सर आणि आपली अपेक्षा बोलत उभे. मला बघून दोघं गप्प. सरांना बायको आहे, दोन मुली आहेत. त्या दिवसापासून मी तिच्या फोनकडे बघायला लागले आणि ती फोन पालथा ठेवायला लागली. एका घरात राहून आम्ही मायलेकी एकमेकींच्या पाळतीवर होतो. तिच्या पर्समधून रुमाल काढताना मी चिठ्ठी आहे का तेही पाहिलं. लाज वाटली, पण पाहिलं.

ह्यांचा मुक्काम पंधरा दिवस अरण्यातच होता. लग्न पुढे ढकलू, म्हणायचे. मग शनिवारी दुपारी जेवता जेवता ताटावरून उठले आणि पवित्र शास्त्र घेऊन आले. देवाने अब्रामाला एक अक्षर जास्त दिलं, त्याचा अब्राहाम केला, आणि त्याचं नशीबच पालटलं! ते अक्षर म्हणजे ह, त्याचा आकडा पाच. विश्वजीतला ह दिला की बेरीज बदलली, अरण्य संपलं. इतके खूश झाले की स्वतःचं ताट स्वतः घासलं.

आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये लग्नाची पहिली सूचना वाचली गेली. पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, या विवाहाला कोणाची हरकत असल्यास सांगावे. कुणी बोललं नाही. शेजारी बसलेल्या अपेक्षाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. मला वाटलं, लाजतेय.

तरी माझी चुटपुट जाईना. काल मी रास्ता पेठेत किहीमकर बाईंकडे गेले. आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या त्या, आठवतात? बेने इस्राएल आहेत, आपल्या मराठी ज्यू, लहानपणापासून हिब्रूत प्रार्थना म्हणतात. शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या पेन हातात धरत नाहीत, म्हणून सोमवार गाठला. मी नावं सांगितली. त्यांनी चष्मा लावला, वर्तमानपत्राच्या कडेला अक्षरं मांडली आणि माझ्याकडे बघितलं.

“शैला, अपेक्षाची एकटीची बेरीज चारशेच्या वर जाते. दोघांची मिळून दोनशे सेहेचाळीस कशी होईल?”

“सर चुकले असतील?”

“पहिलीतलं पोरसुद्धा एवढं चुकत नाही. कुणीतरी आधी उत्तर ठरवलं आणि मग गणित मांडलं.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “आणि अगं, आम्ही हिब्रूत प्रार्थना करतो. लग्नं मराठीतच ठरवतो. मुलीला विचारलंस का?”

मी म्हटलं, विचारलंय की. त्यांनी लाडू पुढे केला.

घरी आले तर अपेक्षा खराडीच्या ऑफिसातून नुकतीच आली होती, बूटही काढले नव्हते. मी दारातच विचारलं, “तुझं आणि जयसिंग सरांचं काय चाललंय?”

तिने बूट काढले, नीट स्टँडवर ठेवले. म्हणाली, “फायनली! मला वाटलं तू पर्सच तपासत बसणार.”

मग जे बोलली ते तसंच्या तसं लिहिते. “आई, डिसेंबरमध्ये मी तुला सांगितलं होतं, मला हे लग्न नकोय. किचनमध्ये सांगितलं, गच्चीवर सांगितलं, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये सांगितलं. दर वेळी तू विचारलंस, कारण काय? मुलगा शिकलेला आहे, पीत नाही, उद्धट नाही, मग कारण काय? माझ्याकडे कारणच नव्हतं. ही इज अ नाइस गाय, आई. पण तासभर त्याच्यासमोर बसले की मला घरी जावंसं वाटतं. मग त्याचंच घर झाल्यावर मी कुठे जाऊ?”

“म्हणून सरांना…”

“म्हणून सरांना म्हटलं, आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही, तुमच्या आकड्याचं ऐकतील. ते तयार नव्हते. मी रडले, तेव्हा झाले. आता ते बिचारे तुझ्या घरचा चहा पीत नाहीत. म्हणतात, ज्या घरात खोटं बोललो तिथे घोट उतरत नाही.” आणि मग ती हसली, वाईट हसली. “आकड्याला कुणी कारण विचारलं नाही, आई. बाबांनी लगेच ऐकलं. तूपण.”

ताई, मी तिथेच खुर्चीवर बसले. मागे एका गुरुवारी सर सांगत होते की हिब्रूत दया आणि गर्भाशय हे शब्द एकाच मुळातून आलेत. मला तेव्हा फार आवडलं होतं. शेजारच्या काकूंना बोलावून सांगितलं. पोटच्या पोरीला सोडून सगळ्यांना सांगितलं.

आज सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील, सरांना शिव्या देतील. तर आनंदाने उठून उभे राहिले. “म्हणजे बेरीज खोटी होती? मग अरण्य नव्हतंच! मग अडचण कसली?” मी म्हटलं, तिला नकोय ही अडचण. तर म्हणाले, नगरला शब्द दिलाय, आणि पोरी आधी असंच म्हणतात. आकडा वाईट होता तेव्हा पंधरा दिवस झोपले नव्हते. पोरगी नाही म्हणते तर दुपारी घोरत होते. इतका राग मला लग्नाच्या तीस वर्षांत कधी आला नव्हता.

पाळकांना फोन केला. ते म्हणाले, दोन्ही घरची वडीलधारी मंडळी मिळून येऊन सांगा, म्हणजे सूचना थांबवतो. नाहीतर रविवारी दुसरी वाचली जाईल.

अपेक्षा म्हणते, ती स्वतः उठून उभी राहील. राहीलही. पण भरलेल्या चर्चमध्ये, बापाच्या आणि सगळ्या मंडळीच्या देखत, तिने एकटीने उभं राहायचं हे मला सहन होणार नाही.

तेव्हा ताई, तू शनिवारी साड्या घ्यायला येणार होतीस, तशीच ये. भावोजींना आण, दिरांना आण. लक्ष्मी रोडला जायचं नाही, पाळकांकडे जायचंय. साखरपुड्याची अंगठी आणि साडी मी काढून ठेवलीय, तुझ्या हातात देईन. विश्वजीतला आधी तू भेट, दुसऱ्या कुणाकडून त्याला कळायला नको. त्याला सांग, त्याच्यात काही कमी नाही आणि त्याच्या नावातही नाही. आईबापांनी ठेवलं तसंच राहू दे, ह-बिह काही घालू नकोस. मला तू वाट्टेल ते बोल, मी ऐकून घेईन. तिला एक शब्द बोलू नकोस.

आणि तुझं मन झालं नाही, आली नाहीस, तरी रविवारी पाळक विचारतीलच, कोणाची हरकत आहे का. मग विचारतील, कारण काय. कारण एवढंच की माझ्या मुलीला नको आहे. दुसरं मी शोधलेलं नाही आणि शोधणारही नाही.

भावोजींना सलाम. गुडघ्याला तेल लावत जा.

रविवारी उभी राहणारी,
तुझी शैला