दोघींपैकी टोचलेली कोणती

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने.
एक : बोरगाव मेघे येथील या घरात दोन मांजरी आहेत. सख्ख्या बहिणी. वय चार वर्षे, रंग करडा, अंगावर काळे पट्टे.
दोन : त्या माझ्या नव्हेत. माझ्या पत्नीने, जयाने, त्या केळझरहून पिशवीत घालून आणल्या. जयाला जाऊन चौदा महिने झाले. मांजरी राहिल्या.
तीन : गेल्या नऊ दिवसांत आमच्या गल्लीत तीन मांजरी उलट्या होऊन दगावल्या. आजार संसर्गजन्य आहे. त्यावर लस मिळते.
चार : समोरच्या सुलोचनाबाईंनी आपल्या बोक्याला लस टोचून आणली, कोणताही अभ्यास न करता.
पाच : मी संख्याशास्त्राचा निवृत्त विभागप्रमुख आहे.
निर्णय १० तारखेपर्यंत. मांजरींविषयी मला विशेष ममत्व नाही, हेही नोंदवून ठेवतो.

६ नोव्हेंबर
सुलोचनाबाई फाटकाशी आल्या. त्यांचे शब्द जसेच्या तसे : "सर, टोचून आना नं त्यायले. काऊन वाट पाहून राह्यले?" एका बोक्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मी त्यांना बारा मिनिटे समजावले. म्हणाल्या, "तुमचा निष्कर्ष येईस्तोवर मांजरी राहतीन का?" प्रश्न विषयाला सोडून होता. जाताना मेथीची भाजी देऊन गेल्या. मीठ जास्त.

९ नोव्हेंबर, रविवार
अकरा शोधनिबंध वाचून झाले. एका निबंधातील तिसऱ्या कोष्टकाची बेरीज चुकलेली आहे. लेखकाला तीन पानी ईमेल पाठवली. उत्तर नाही. विद्वत्तेची ही अवस्था.
दिवसभरात कोणी आले नाही, फोनही वाजला नाही. त्यामुळे काम उत्तम झाले.
निर्णयाची मुदत १७ पर्यंत वाढवली. हरकत घेणारे कोणी नाही.

१२ नोव्हेंबर
मार्ग सापडला. एकीला लस द्यायची, दुसरीला नाही. दुसरी म्हणजे कंट्रोल, केवळ तुलनेसाठी. जी प्रथम हाती लागेल ती क्र. १. आहार दोघींचा समान : सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी ऐंशी मिलिलिटर दूध, मोजून.
जयाने त्यांना चिंगी आणि मंगी अशी नावे ठेवली होती. नावाने निरीक्षक पक्षपाती होतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
क्र. १ ला टोपलीत घालून दवाखान्यात नेले. डावा हात तीन ठिकाणी ओरबाडला गेला. डॉ. रजत तरुण आहेत, घाईचे आहेत. टोचायला चार सेकंद. मग विचारले, "सर, दुसरी कुठाय?" ती कंट्रोल आहे, असे सांगितले. ते रिकामी सिरिंज हातात धरून बघत राहिले. "म्हणजे ती आजारी पडते का, हे पाहत बसणार तुम्ही?" परिभाषा ढोबळ, पण आशय बरोबर. "सर, घरात तुमच्या दोघीच आहेत नं?" नमुना लहान आहे, हे मी मान्य केले.
सायंकाळी ७.४०. टोपली उघडताच क्र. १ पलंगाखाली पसार. जेवणाच्या वेळी दोघी आपापल्या बशीपाशी हजर. दोघी करड्या. दोघींच्या शेपटीवर काळी कडी. टोचल्याची खूण कुठेच दिसत नाही.
क्र. १ च्या गळ्यात तांबडा दोरा बांधायचा, असे सकाळीच ठरले होते. दोरा खिशात सापडला.

१५ नोव्हेंबर
चिंतेचे कारण नाही. चार वर्षे आम्ही एका छताखाली राहतो आहोत. पद्धतशीर निरीक्षणाने ओळख पटेलच.

१७ नोव्हेंबर
सुलोचनाबाईंना सहज विचारले. मदत म्हणून नव्हे. त्यांनी आपल्या ओट्यावरून दोन हाका मारल्या. दोघी धावत गेल्या. "हे चिंगी, हिचा आवाज घोगरा. अन् हे मंगी. जयाताईनं हाक देली का हेच पहिले ये. तुमाले माहीत नाई, सर?" माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, तो विभाग जयाकडे होता.
मग शुक्रवारी मी टोपलीत कोणती नेली, असे विचारले. म्हणाल्या, "आता हे मी कशी सांगू? मी थोडीच होती तवा? तुम्हीच नेलती नं!" आणि पदर तोंडाला लावून हसल्या.
निष्कर्ष : चिंगी कोणती, मंगी कोणती, हे आता ज्ञात आहे. क्र. १ कोणती, हे अज्ञात आहे. प्रगती झाली.

१८ नोव्हेंबर
डॉ. रजत फोनवर म्हणाले, "दोघींनाही आणा सर. एकीला परत टोचलं तर काही बिघडत नाही." बिघडते. संपूर्ण प्रयोग बिघडतो. नकार दिला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४.००
मंगी सकाळपासून खात नाही. तीन वेळा उलटी.
ती क्र. १ असेल तर लस निरुपयोगी. ती क्र. २ असेल तर लस उपयुक्त. दोन्ही निष्कर्ष मोलाचेच आहेत.
४.२५. ती कपाटामागे जाऊन बसली आहे. वाकून पाहिले. क्र. १ म्हणून पाहिले, क्र. २ म्हणून पाहिले. मग मंगी म्हटले. मान वळली नाही.
४.४०. सुलोचनाबाईंच्या दारात गेलो. चप्पल घातली नव्हती, हे नंतर लक्षात आले. त्यांनी एक शब्दही न विचारता पिशवी घेतली, दोघींना पिशवीत घातले आणि ऑटो थांबवला. माझी परवानगी घेतली नाही. मी मागे बसलो.

२२ नोव्हेंबर
सलाइन लावले. तपासणीत तो आजार निघाला नाही. डॉ. रजत यांनी आहार विचारला. मी आकडे सांगितले. सुलोचनाबाई म्हणाल्या, "दूध? जयाताई तं दूध देतच नोत्या त्यायले. पचत नाई म्हने." ऐंशी मिलिलिटर काटेकोर मोजलेले होते, हे मी निदर्शनास आणून दिले. डॉ. रजत यांनी कागदावर ‘दूध बंद’ असे लिहिले.
चिंगीला टोचून घेतले. मंगीला बरी झाल्यावर टोचणार. निर्णय सुलोचनाबाईंनी घेतला. ऑटोमध्ये, अर्ध्या मिनिटात.
"बरी होईस्तोवर दोघी माह्याकडंच राहू द्या, सर."

२९ नोव्हेंबर
मंगी खडखडीत बरी झाल्याचे समजते. कालच तिलाही टोचून आणले. दोघी समोरच्या ओट्यावर उन्हात बसतात. येथून स्पष्ट दिसतात. घर शांत आहे, वाचनाला अनुकूल. वाचन झाले नाही.

१ डिसेंबर
फाटकाशी उभा राहून हाक मारली. प्रथम नावाने, मग नुसतीच. चिंगीने एकदा पाहिले. समोरचा बोका आला.

२ डिसेंबर, मंगळवार
पुढील पत्र आज समोरच्या घरी दिले. प्रत येथे ठेवतो.

सौ. सुलोचनाबाई यांस,
माझ्या दोन मांजरी गेले अकरा दिवस आपल्या घरी आहेत. त्या माझ्या आहेत. आजार संपला, लस झाली. आता त्यांना तेथे ठेवण्यास कारण उरलेले नाही. त्या स्वतःहून परत येत नाहीत आणि माझ्या हाकेला ओ देत नाहीत. सबब जया त्यांना कोणत्या शब्दाने, किती वेळा व कशा आवाजात बोलावीत असे, ते सविस्तर कळवावे. मी ते कधी लक्ष देऊन ऐकले नाही.
आवाज लिहिता येत नसल्यास घरी येऊन काढून दाखवावा. मी सकाळी सहापासून घरीच असतो, दुपारीही, सायंकाळीही. येताना दोघींना आणावे.
तरीही उत्तर लेखीच द्यावे.