न विचारता घेतलेलं नाव

प्रिय आई,

आज चितेगावला जाऊन आले, दौलतमामांकडे. तुझ्या पाठच्या भावासमोर माझी चूक कबूल केली. आता तुझ्यासमोरही करायची आहे, म्हणून हे पत्र.

तुला नवा फोन दिला त्याच दिवशी मी नातेवाइकांचा ग्रुप काढला आणि तुला परस्पर आत घेतलं. आपल्या माणसांत आईच नको का? तू तासाभरात बाहेर! मी पुन्हा घेतलं, तू पुन्हा बाहेर. छावणीत तुझ्या घरी येऊन वर तुझ्यावरच डाफरले. तू मेथी निवडत म्हणालीस, "मला इचारलंस का? आवतण नाय, काय नाय, थेट पंगतीत नेऊन बसवलंस!"

मी हसण्यावारी नेलं.

तू बाहेर पडलीस ते सगळ्यांना दिसलं होतं. मामांचा फोन आला, "अक्का एकदा चुकून गेली म्हणू. दुसऱ्यांदा बी चुकूनच व्हय? आमचं काय चुकलं?"

आणि मी काय बोलले? "तिलाच नकोय." एवढंच! खरं सांगितलं असतं तर माझी चूक उघडी पडली असती ना. त्या भाऊबीजेला मामा आले नाहीत. तू ओवाळणीचं ताट तयार ठेवून दुपारपर्यंत वाट पाहिलीस. पण तूही काही कमी हट्टी नव्हतीस गं! एक फोन करायला काय झालं होतं? पुढच्या भाऊबीजेला तू नव्हतीस.

आज सगळं सांगितल्यावर मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी अक्का माझ्यावर रुसली नव्हती?"

"नाही मामा. माझ्यावर."

ते रडले, आई. मीही रडले.

आपल्याला कुणी परस्पर ग्रुपात घेऊ नये, आधी विचारावं, अशी सोय फोनमध्ये असते. मी माझ्या फोनात ती चालू केली. मामांना विचारलं, "तुमच्याही करू का?" म्हणाले, "कर की!" आता कुणी नाराज झालं तर होऊ दे. तुझंच बरोबर होतं. माणूस आपलं असलं तरी त्याला विचारायचं असतं. आपलं असलं तर लईच.

यंदा भाऊबीजेचा निरोप मामांना ग्रुपवर टाकणार नाही. चितेगावला जाईन, समोर बसून "माझ्याकडे येता का?" म्हणून विचारीन. नाही म्हणाले तर रागावणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा जाईन. हा तुला शब्द.

तुझीच,
सुमन