बेटाला की भेटायला

प्रिय भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद. (अनेक अशासाठी, की त्यांना काही पैसे पडत नाहीत.) तुमची तब्येत उत्तम असणार याबद्दल मला शंका नाही, बिघडली असती तर तुमचा फोन आला असता. जाऊबाईंची पाठदुखीही पार गेलेली दिसते, कारण परवाच्या फोटोत त्या कुठल्याशा डोंगराच्या टोकावर दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. त्याच पाठदुखीमुळे आईंना तुमच्याकडे ठेवून घेणं जमत नव्हतं, म्हणून आपली चौकशी केली. इकडे आम्ही मजेत आहोत. आईंचे गुडघे दुखायचे तेवढे दुखतात, तुमच्या दादांचं पोट त्यांच्या थोडं पुढे चालतं, आणि मी तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तिथेच, ओट्यापाशी आहे.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी 'भाऊजी' म्हणायच्या आत तुम्ही 'वहिनी, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' म्हणता. तो 'नंतर' अजून आमच्या घराचा पत्ता शोधतोय. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण त्यासाठीही आधी ते उघडावं लागतं.

तर विषय सुट्टीचा आहे. मी ज्या लाँड्रीत कामाला जाते तिथे कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासणं माझ्याकडे असतं. खिशांतून काय काय निघतं ते लिहायला बसले तर निम्म्या गावाचे संसार मोडतील, म्हणून ते राहू दे. पण सुट्ट्यांचे दिवस संपले की खिशांतून वाळू निघते. खिशाच्या टोकातून, पँटच्या दुमडीतून, टॉवेलच्या शिवणीतून. लोक बेटांवर जातात, लोळतात, होडीत बसतात आणि परत येऊन तो समुद्र माझ्या टेबलावर झटकतात. मी आजवर समुद्र पाहिला तो असा, चिमटीचिमटीने. मालक म्हणतात झाडून टाका. मी ती वाळू कॉफीच्या एका रिकाम्या बरणीत साठवत आले. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेली असते आणि भांडी घासताना तिच्याकडे पाहिलं की मला बरं वाटतं. (हसा. तुमचे दादाही हसले होते.) यंदा ती बरणी गळ्यापर्यंत भरली आणि माझंही गळ्याशी आलं. मी जाहीर करून टाकलं, यंदा मी बेटावर जाणार, तुम्ही आलात तर तुमच्यासह, नाहीतर तुमच्याशिवाय.

सहल कंपनीच्या कचेरीत एक गोड बोलणारी बाई बसते. तिने आमच्यापुढे चित्रांची पुस्तिका उघडली. सकाळी किनारा, दुपारी होडीतून फेरफटका, संध्याकाळी जुना दीपस्तंभ, आणि मधल्या वेळापुढे छापलं होतं, 'काहीही न करणे'. भाऊजी, खरं सांगते, ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या बाईला दोनदा विचारलं, हे नक्की यातच धरलंय ना, वेगळं घ्यावं नाही ना लागत? तुमच्या दादांनी विचारलं, होडीला ब्रेक कुठे असतो. त्यांचा बिचाऱ्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या वस्तूंवर त्यांचा विश्वास आहे. आडव्या जाणाऱ्यांवर नाही. आणि आडवं जाता जाता वरखाली होणारी होडी म्हणजे त्यांच्या मते उघड उघड बिघाड आहे.

तरी माझ्यासाठी त्यांनी मन घट्ट केलं. खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन स्वतःसाठी लाइफ जॅकेट घेतलं, (होडीवाल्याची जॅकेटं दहा जणांनी घातलेली असतात म्हणे) आणि मापाला होतं का पाहायला म्हणून तिथेच चढवलं. चढलं ते चढलं. चेन अडकली. मी ओढली, दुकानदाराने ओढली, मग दुकानदार म्हणाला घरी जाऊन साबण लावा. एवढ्यात त्यांना कामाचा फोन आला, अमुक इमारतीत लिफ्ट अडकली आहे, आत माणसं आहेत. कामाच्या बाबतीत तुमचे दादा कसे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. निघाले तसेच, नारिंगी जॅकेट, गळ्यात शिट्टी, हातात पाना. तिथे गेल्यावर त्यांनी लिफ्टचं दार उघडलं, आणि आतल्या अंधारात घामाघूम झालेल्या लोकांना आधी दिसलं ते लाइफ जॅकेट. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाणी कितव्या मजल्यापर्यंत आलंय ते विचारलं. दोघी बायकांनी बाहेर यायला साफ नकार दिला आणि आतून दार लावून घेतलं. ते उघडताना लिफ्ट जी बिघडली ती अजून बंद आहे, आणि तुमच्या दादांना साहेबांनी लेखी विचारलंय की कामावर पोहण्याच्या पोशाखात येण्याचं कारण काय. तेव्हा यंदा त्यांना रजा मिळाली ती अशी, 'काही दिवस विश्रांती घ्या' म्हणून. आमच्या घरात सुखसुद्धा शिक्षा म्हणूनच येतं.

आता प्रश्न राहिला आईंचा. मी तुम्हाला फोन केला होता, आठवतोय का? आठ दिवस आईंना तुमच्याकडे ठेवून घ्याल का, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बघतो. तुमच्या घराण्यात हा शब्द फार जुना आहे. तुमचे बाबा 'बघू' म्हणायचे, म्हणजे नाही. तुमचे दादा 'बघूया' म्हणतात, म्हणजे तू बघ. आणि तुम्ही 'बघतो' म्हणता, म्हणजे फोन ठेवा. या घरात येऊन मला एवढी वर्षं झाली, सगळे बघताहेत आणि करतेय मी एकटी. मग मी दवाखान्यातल्या एका नर्सबाईंना घरी राहायला येण्याबद्दल विचारलं, त्या हो म्हणाल्या. (परक्या बाई, लगेच हो म्हणाल्या. मी पुढे काही लिहीत नाही.)

आईंना सांगायचं काम मी त्यांच्या लेकावर सोपवलं, तिथेच घोळ झाला. तुम्ही पाठवलेलं कानाचं यंत्र आईंनी डबीत जपून ठेवलंय. धाकट्याने पाठवलंय, रोज लावून झिजवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. फक्त तुमचा फोन आला की लावायचं. त्यामुळे यंत्र अजून नवंकोरं आहे. बाकी वेळ आम्ही ओरडतो. तुमचे दादा दारातूनच, पळायच्या बेतात उभं राहून ओरडले, "आई, आम्ही बेटाला जातोय!" आईंनी पलंगावरून मान वर केली. "भेटायला? अगंबाई, भेटायला जातोय का आपण? मग मला आधी नाही सांगायचं?"

भेटायला म्हणजे कोणाला, ते सांगायला नको. या घरातून भेटायला जावं असं जगात एकच माणूस आहे. भाऊजी, ज्या बाईला मोरीपर्यंत जायला माझा खांदा लागतो ती बाई कशालाही न धरता उठली आणि माळ्यावरची बॅग काढ म्हणून मला बोलावू लागली. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. शेजारी, पाजारी, दूधवाला, सगळ्यांना सांगून झालं की धाकट्याने बोलावलंय. (बोलावलंय!) मी आठ दिवसांच्या निवांतपणासाठी जमवलेली नवी पिशवी, टोपी, रबरी चपला, सगळं त्यांनी आपलंच समजून भरलं. आणि काल पाहते तर खिडकीतली बरणी गायब. विचारलं तर म्हणाल्या, लहानपणी वाळूत खेळायला ने म्हणून तो फार मागे लागायचा गं, कधी जमलं नाही, आता घेऊन जाते. माझी बरणी! दुसऱ्यांच्या खिशांतून मी चिमटीचिमटीने गोळा केलेला समुद्रसुद्धा शेवटी तुमच्याच वाट्याला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. जो लेक रोज पाय चेपतो त्याच्यासाठी यंत्राची डबी उघडत नाही. मला त्या क्षणी इतका राग आला, की मी लाँड्रीत जाऊन ज्या शर्टाला कडक इस्त्री नको होती त्यालाही करून टाकली. आईंचा राग नव्हे हो. तुमचा.

आता तर आई यंत्र दिवसभर लावून बसतात, धाकट्याचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून सवय करताहेत. त्यामुळे आम्हा नवराबायकोला घरात कुजबुजायचीही चोरी झालीय. खरं सांगायला हवं, पण सांगणार कोण? तुमचे दादा जिन्यात जाऊन बसतात. मी तोंड उघडते, त्या बॅगेची चेन लावून पुन्हा उघडून पाहत असतात, मी तोंड मिटते. तेव्हा मी तुमच्याकडे काही मागत नाही, फक्त एवढंच करा, की आईंना एक फोन करून तुम्हीच सांगा, कोणी बोलावलेलं नाही, कोणी येत नाहीये, दादा-वहिनी बेटावर चाललेत. तुमचा शब्द त्यांना लागला तरी गोड लागतो. आमचा गोड शब्दही लागतो. आम्ही ठरल्याप्रमाणे बेटावर जाऊ, मी काहीही न करता बसेन, आणि तिथून तुम्हाला एक चित्राचं कार्ड टाकीन.

जाऊबाईंना आणि त्यांच्या पाठीला नमस्कार. पत्र लांबलं, पण तुम्हाला वाचायला वेळ नाही हे ठाऊक असल्यामुळे लांबीची काळजी केली नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. फोन करू नका. पत्र लिहून झाल्यावर मी सहल कंपनीच्या बाईकडे जाऊन आले. ती म्हणाली, सहल रद्द करता येत नाही, पण नावं बदलता येतात. मी बदलली. आता एक नाव आईंचं आहे आणि दुसरं तुमचं. तुमचे दादा आईंना घेऊन होडीच्या धक्क्यापर्यंत येतील. (ओळखायला सोपे जातील, चेन अजून निघालेली नाही.) तुम्ही तिथे उभे राहा. बेटही होईल आणि भेटही होईल. आम्ही दोघं घरीच राहू, दार लावून, काहीही न करता. मला वाटतं मला समुद्र नकोच होता. आईंच्या गोळ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. त्यांचा हात धरताना डावा धरा, उजवा दुखतो. बरणी तेवढी परत आणा, आणि जमलं तर तिथल्या वाळूने भरून आणा.

ता. क. २. पाकीट बंद करत होते तर आई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "धाकट्याला लिहितेयस ना? आणि हे बघ, दादा बेट म्हणाला होता, ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं." मी विचारलं, मग भेट का म्हणालात? तर म्हणतात कशा, "म्हटलं, एकदा तोंडातून काढून पाहावं. तुम्ही दोघं मला नाही म्हणणार नाही, माहितेय मला. त्याचं काही सांगता येत नाही."

तेव्हा भाऊजी, फोन केलाच, तर कृपा करून 'बघतो' म्हणू नका. त्या यंत्र लावून बसल्या आहेत.